जिनिव्हाची बिनपगारी इंटर्नशिप: जाऊ का?

प्रश्न: मी लातूरची, आंतरराष्ट्रीय संबंधात एम.ए. संपतंय. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात जिनिव्हाला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय, पण पगार नाही. बाबा म्हणतात, सोयाबीन विकून पाठवतो. घ्यायला मन धजत नाही.

उत्तर: त्यांचे पैसे घेऊ नकोस गं. जिनिव्हातच आयएलओ (आंतरराष्ट्रीय श्रम संघटना) आहे, ती इंटर्नना भत्ता देते. डब्ल्यूएचओही (जागतिक आरोग्य संघटना) २०२० पासून देऊ लागली. तिकडे अर्ज कर.

उत्तर: मी राहिलेय तिथे. शहरात खोली परवडेना, म्हणून फ्रान्सच्या हद्दीत आनमासला राहायचे. रोज १७ नंबरच्या ट्रामने सीमा ओलांडायची. बैठकांची टिपणं काढता काढता कळत गेलं, कोणता देश कधी गप्प बसतो आणि का. नेतृत्वाचं माझं खरं शिक्षण तेच. तरी कर्ज काढून जाऊ नकोस.

प्रश्नकर्ती: ताई, आज रात्रीच आयएलओचा अर्ज भरते. बाबांना सांगते, सोयाबीन भाव येईपर्यंत ठेवा.