सायकल मार्ग आणि पदपथांसाठी पुण्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे का?

कोथरूडचा रहिवासी:
पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्यात 824 किलोमीटरचे जाळे आणि सुमारे 335 कोटी रुपयांचा खर्च मांडला होता, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी 40 लाख रुपये. पादचारी धोरण तर त्याच्याही आधी, 2016 मध्येच मंजूर झाले होते. आराखड्यांची उणीव आपल्याकडे नाही. पदपथाचा पैसा मात्र पथ विभागाच्या तरतुदीत, नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या 'स' यादीत आणि प्रभागांच्या किरकोळ कामांत इतका विखुरलेला असतो की, एका चौकापर्यंत नवे पेव्हिंग ब्लॉक बसतात आणि चौक ओलांडला की पदपथच संपतो. वर्षाच्या मध्यात वर्गीकरण करून हा निधी दुसऱ्या कामाकडे वळवताही येतो. म्हणून माझे मत असे आहे की, रस्त्यांवरील भांडवली खर्चाचा ठरावीक हिस्सा चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील वेगळ्या नोंदीखाली, राखून ठेवावा, त्याच्या वर्गीकरणास मनाई असावी आणि तो प्रथम शाळा, बसथांबे व मेट्रो स्थानकांच्या परिसरात खर्च व्हावा.

धनकवडीचा प्रवासी:
माझा या मागणीला विरोध आहे. सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या राखीव मार्गिकेबरोबर, सायकल मार्गही झाले आणि त्यासाठी केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर विकास योजनेतून पैसा मिळाला होता. पैसा असूनही ते मार्ग दर गल्लीच्या तोंडाशी तुटले, त्यांच्यात विजेचे खांब आणि वीजपुरवठ्याच्या पेट्या (डीपी बॉक्स) आल्या आणि उरलेल्या जागेत दुचाकी लागल्या. ज्या मार्गावरून सलग अर्धा किलोमीटरही जाता येत नाही, तेथून सायकलस्वार जाणार नाही. तो मोटारींमधूनच वाट काढील. हाच निधी पीएमपीच्या बसगाड्यांसाठी दिला, तर कामाला जाणाऱ्या कितीतरी अधिक माणसांची सोय होईल.

कोथरूडचा रहिवासी:
सातारा रस्त्याबद्दलचे आपले निरीक्षण मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. तेथे बांधकामासाठी निधी आला, पण देखभालीची तरतूद आणि पार्किंगवरील कारवाई त्याच्यासोबत आली नाही. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, बाके ठेवली, वाहनांना आखून जागा दिली, आणि तेथे संध्याकाळी सहकुटुंब चालणारी माणसे दिसतात. बसचा प्रवासीही घरातून थांब्यापर्यंत पायीच जातो, त्यामुळे बस आणि पदपथ यांत निवड करण्याची वेळच यायला नको.

लक्ष्मी रस्त्यावरील दुकानदार:
11 डिसेंबरला आमच्या रस्त्यावर पादचारी दिन होतो. त्या दिवशी वाहने बंद असतात आणि लोक मोकळेपणाने फिरतात, हे मी नाकारत नाही. तथापि माझ्या मालाचा टेम्पो आठवड्यातून तीन वेळा येतो आणि गठ्ठे उतरवायला त्याला अर्धा तास लागतो. पदपथ रुंद करणाऱ्यांनी माल उतरवण्याची जागा आणि वेळ नकाशावर आधी दाखवावी. तसे झाले, तर माझा विरोध राहणार नाही.

निवृत्त स्थापत्य अभियंता:
स्वतंत्र लेखाशीर्षाने एक नवा प्रश्न निर्माण होईल. 31 मार्चपूर्वी निधी खर्ची पडला पाहिजे, म्हणून फेब्रुवारीत घाईने निविदा निघतील आणि काम चांगल्या अवस्थेतील पदपथ उखडून पुन्हा तेच ब्लॉक बसवण्याचे होईल. पदपथ बिघडतो तो बहुधा पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी आणि केबल टाकण्यासाठी झालेल्या खोदकामामुळे. म्हणून आधी वाहिन्यांसाठी डक्ट (जमिनीखालची बंदिस्त वाट), नंतर पदपथ आणि दोष दायित्वाच्या, म्हणजे कामातील दोषांना ठेकेदार बांधील असतो त्या, कालावधीत दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावर, हा क्रम निविदेतच लिहिलेला असावा.

आणखी एक गोष्ट नकाशावर सहसा दिसत नाही. सोसायटीच्या फाटकाशी गाडी सहज आत जावी म्हणून पदपथ उतरवला जातो, आणि ज्येष्ठांना दर पंधरा-वीस पावलांवर खाली उतरून पुन्हा चढावे लागते. पदपथ तेथे त्याच पातळीवर ठेवून गाडीने उतारावरून वर चढावे, हे योग्य आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त 150 मिलिमीटर उंची सांगितली आहे. आपल्या घरासमोर टेप लावून पाहावे.

वारज्यातील गृहिणी:
मी खरोखरच मोजून पाहिले. आमच्या इमारतीसमोर उंची 27 सेंटिमीटर आहे. माझ्या सासूबाई काठी टेकून दूध आणायला जातात आणि ती पायरी चढवत नाही म्हणून रस्त्याच्या कडेने, रिक्षांना अंग चोरून चालतात. मागच्या पावसाळ्यात चेंबरच्या वर आलेल्या झाकणाला अडखळून त्या पडल्या आणि मनगटाला प्लास्टर घालावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये अडथळाविरहित पदपथ हा जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे, त्यामुळे हा खर्च शिल्लक राहिलेल्या पैशातून करण्याचा विषय राहिलेला नाही. सायकल मार्गासाठी पदपथाची रुंदी कापली जाणार असेल, तर मात्र मी त्याला विरोध करीन.

धनकवडीचा प्रवासी:
पदपथांबाबत मी माघार घेतो, त्यांना राखीव निधी मिळायला हवा. सायकल मार्गांबाबत माझी अट कायम आहे: 824 किलोमीटरची भाषा न करता स्वारगेट ते कात्रज हा एकच मार्ग अखंड करावा, वर्षभर त्यावरील सायकली मोजाव्यात आणि मगच पुढचा पैसा द्यावा.

कोथरूडचा रहिवासी:
एका मार्गापासून सुरुवात करण्यास माझी हरकत नाही, मात्र शाळांभोवतीचे मार्ग त्या मोजणीसाठी थांबवू नयेत, कारण तेथील मुले आजही सायकलनेच जातात. नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवल्या जातील, तेव्हा मी आमच्या प्रभागातील शाळेपासून वनाज मेट्रो स्थानकापर्यंतच्या पदपथाची सूचना देणार आहे. तीत फाटकांची पातळी, डक्ट आणि माल उतरवण्याची वेळ हे तिन्ही मुद्दे लिहीन.

धनकवडीचा प्रवासी:
देखभालीची रक्कमही त्यात आकड्यांत लिहा, म्हणजे मी सही करीन.