मझल ब्रेकला मराठीत काय म्हणावं?

डेन्व्हरहून विचारणा

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कोलोरॅडोतल्या एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीवर लेख लिहितो आहे. परवान्याची सोडत, भगवं जाकीट, डोंगरातली चाल, मांस खाली वाहून आणणं, हे सगळं मराठीत सहज उतरलं. घोडं अडलंय ते रायफलीपाशी. लेखाचा मोठा भाग मझल ब्रेक कसा निवडावा यावर आहे. नळीच्या टोकाला आट्यांवर बसणारा, भोकं पाडलेला पोलादी तुकडा. गोळीमागून सुटणारा वायू तो बाजूला फेकतो, त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का कमी होतो. यंत्राच्या भाषांतरात 'थूथन ब्रेक' मिळतो, तो मला मराठी वाटत नाही. मला 'मुखरोधक' आणि 'धक्काशामक' असे दोन शब्द सुचले. रिकॉइलला 'प्रतिक्षेप' म्हणावं की 'धक्का'? आणि आवाज कमी करणाऱ्या सप्रेसरचं काय करावं?

पुण्याहून

'थूथन' हिंदीचं, ते सोडूनच द्या. इंग्रजीत कुत्र्याचं नाकाड, बैलाला बांधायचं मुसकं आणि बंदुकीचं तोंड या तिन्हींना 'मझल' हा एकच शब्द चालतो. मराठीनं त्या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. बंदुकीला आणि तोफेला आपल्याकडे पूर्वीपासून तोंडच असतं. 'तोफेच्या तोंडी देणं' सगळ्यांना कळतं. ठासणीच्या बंदुकीत दारू ठासायची ती तोंडातूनच. म्हणजे 'नळीचं तोंड' हा शब्द तयार आहे, तो वापरा.

'मुखरोधक' मात्र कृपया छापू नका. वाचणाऱ्याला वाटेल की तोंड अडवणारं काहीतरी आहे. चिखलानं किंवा बर्फानं नळीचं तोंड अडलं आणि तसाच बार काढला, तर नळी फाटू शकते. शिकारीच्या लेखात तोंड अडवणं ही चांगली गोष्ट असल्याचा भास एका शब्दानंही व्हायला नको. 'धक्काशामक' त्या मानानं बरा, पण दस्त्याच्या मागे लावतात त्या रबरी गादीलाही तो तितकाच लागू पडतो. ती गादी धक्का फक्त मऊ करते, पसरवते. ब्रेक धक्का मुळातच कमी करतो. एकाच लेखात दोन्ही येणार असतील तर घोटाळा ठरलेला.

'प्रतिक्षेप' विज्ञानाच्या पुस्तकात शोभतो, पण 'प्रतिक्षिप्त क्रिया' म्हटलं की गुडघ्यावर हातोडी मारल्यावर उडणारा पाय आठवतो. शिकारीच्या गोष्टींत 'बंदूक धक्का देते' असंच म्हणतात. तेच ठेवा.

देवळालीहून

तोफखान्यात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. आमच्याकडे मराठा, पंजाबी, तमिळ सगळे 'मझल ब्रेक'च म्हणायचे. त्याला देशी शब्द हवा असं कुणाला कधी वाटलं नाही. प्रकारांना मात्र नावं असावीत. बोफोर्सच्या तोंडावर चारी बाजूंनी भोकं असलेला ब्रेक आहे, इंग्रजीत त्याला मिरपुडीच्या डबीचं नाव आहे. मराठीत झारीचं तोंड म्हटलं की चित्र लगेच उभं राहतं. 'धनुष' या तोफेवर दोन पडद्यांचा ब्रेक आहे, म्हणजे वायू एका पडद्यावर आपटून बाजूला जातो, उरलेला पुढच्या पडद्यावर. रायफलींवरही हीच दोन घराणी दिसतात. तेव्हा 'झारी ब्रेक' आणि 'पडदा ब्रेक' लिहा, लोकांना कळेल.

दादा, निवडीच्या भागात एक गोष्ट ठळक घ्या. ब्रेकचं भोक नळीच्या रेषेत हवं आणि गोळीपेक्षा जरा मोठं हवं. २०१७ मध्ये धनुषच्या चाचण्यांत गोळा मझल ब्रेकला लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. तोफेत होतं ते रायफलीतही होऊ शकतं. आटे तिरके पडले तर गोळी ब्रेकला घासून जाते. म्हणून आटे पाडायचं काम जाणत्या बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावं.

जमिनीवर पालथं पडून नेम धरणार असाल तर झारी ब्रेक टाळा. खालच्या भोकांतून सुटलेला वायू धुरळा उडवतो. सावज दिसेनासं होतं आणि आपली जागाही उघडी पडते. खालची बाजू बंद असलेला ब्रेक घ्या. तो बसवताना भोकं बरोबर आडवी यायला हवीत, नाहीतर नळी एका बाजूला ढकलली जाते. त्यासाठी मागे आवळायची चकती किंवा नट असतो.

डेन्व्हरहून

काका, 'झारी' आणि 'पडदा' घेतले. धन्यवाद.

ब्रेक कुणाला लागतो आणि कुणाला नाही, हे मी आकड्यांनी मांडलं आहे. ते मराठीत नीट वाचलं जातंय का बघा: .३०० विन्चेस्टर मॅग्नम या काडतुसाची १८० ग्रेनची, म्हणजे साधारण ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगानं सुटते. तिच्यामागे सुमारे ४.५ ग्रॅम दारूचा वायू असतो आणि तो गोळीहून जास्त वेगानं बाहेर पडतो. तो वेग १४०० मीटर धरला तर एकूण धक्क्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा एकट्या वायूचा निघतो. ब्रेकचा हात फक्त या वाट्यापर्यंत पोचतो, गोळीच्या वाट्याला तो काही करू शकत नाही. ३.६ किलोच्या रायफलीत ब्रेकशिवाय सुमारे ३९ ज्यूल ऊर्जा मागे येते. सगळा वायू सरळ बाजूला गेला असं धरलं तर १५ उरते. प्रत्यक्षातला ब्रेक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि भोकं मागे तिरकी असतील तर तो रायफल थोडी पुढेही ओढतो. तेवढ्याच वजनाच्या, .३०८ काडतुसाच्या रायफलीत ब्रेक न लावताच धक्का २१ ज्यूलच्या आसपास असतो.

म्हणून माझं मत असं की .३०८ किंवा .२४३ वाल्यानं ब्रेकच्या मागे लागू नये. एल्कसाठी कोलोरॅडोचा नियम निदान .२४ इंच व्यासाची नळी आणि निदान ८५ ग्रेनची गोळी मागतो. मॅग्नम घ्यायची आणि तिच्या धक्क्याला घाबरून चाप झटकायचा, त्यापेक्षा सोसवेल अशी रायफल घेतलेली शंभरदा बरी. जनावर नुसतं जखमी होऊन निघून जाणं, याहून वाईट काही नाही.

ओस्लोहून

परिच्छेद चांगला उतरला आहे, पण त्यात आवाज कुठेच नाही. मला शब्दाच्या प्रश्नाचं मूळ तिथेच दिसतं. ब्रेक वायू बाजूला आणि मागे वळवतो, म्हणजे स्फोटाचा आवाजही नेम धरणाऱ्याच्या आणि शेजारच्या माणसाच्या कानावर वळवतो. अशा रायफलीचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या आसपास किंवा वर असतो, आणि कानाला इजा होण्याची रेषा १४० ला धरतात. ब्रेक त्यात भरच घालतो. 'शामक' म्हटलं की वाचक समजणार सगळंच शांत झालं. खांद्याचा भार कानावर जातो हे त्या शब्दात दडपलं जातं. पुष्कळ गाईड ब्रेकवाल्या शिकाऱ्याच्या बाजूला उभं राहायला राजी नसतात, ते याचसाठी. ब्राउनिंग कंपनीनं त्यांच्या 'बॉस' या जोडणीची भोकं नसलेली आवृत्तीही विकायला काढली होती. नळीची थरथर जुळवायची सोय तीच, फक्त ब्रेक नाही.

इकडे नॉर्वेत शिकारीच्या रायफलीवर सप्रेसर सर्रास दिसतो. नॉर्वेजियन शब्दाचा अर्थ 'आवाज मंद करणारा' एवढाच आहे, आणि तो खरा आहे. आवाज २० ते ३० डेसिबलनं उतरतो, नाहीसा होत नाही. धक्काही बराच कमी होतो. तुम्हाला मराठीत 'आवाजमंदक' चालेल का?

पुण्याहून

'आवाजमंदक' कृत्रिम वाटतो. 'सायलेन्सर' लिहा. आपल्याकडे बुलेटचा सायलेन्सर प्रत्येकाला माहीत आहे, आणि तो आवाज बंद करत नाही हेही प्रत्येकाला माहीत आहे, त्यामुळे गैरसमज होत नाही. शिवाय दोन्हींचं नातं खरं आहे. बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट हायरम पर्सी मॅक्सिमनं १९०९ मध्ये मिळवलं, आणि त्याच गृहस्थानं इंजिनांचे मफलरही बनवले. अमेरिकेच्या बंदुकांविषयीच्या १९३४ च्या कायद्यातही 'सायलेन्सर' आणि 'मफलर' हेच शब्द आहेत.

डेन्व्हरहून

ताई, कायद्याचा मुद्दा लेखात घ्यायलाच हवा. त्या कायद्यानं सायलेन्सरला केंद्राची नोंदणी लागते. २०० डॉलरचा कर होता, तो २०२६ च्या सुरुवातीपासून शून्यावर आला, पण नोंदणी कायम आहे. मझल ब्रेकला असलं काही नाही, दुकानात जाऊन घेता येतो. म्हणजे दोन्हींना मिळताजुळता शब्द वापरला तर कायद्याच्या दृष्टीनंही चुकीचं होईल.

बालेवाडीहून

थोडक्यात भर घालतो. ऑलिंपिक प्रकारांच्या रायफलीवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (नळीचं टोक वर उसळू न देणारा तसाच तुकडा) दोन्ही चालत नाहीत. लेख वाचून एखादा मुलगा आपल्या पॉइंट टू-टू रायफलीवर ब्रेक लावायला निघेल, तर त्याला सांगा की लागतही नाही आणि नियमातही बसत नाही.

डेन्व्हरहून

मग वाक्य असं करतो: 'मझल ब्रेक नळीच्या तोंडावर बसतो, गोळीमागचा वायू बाजूला फेकतो आणि धक्का कमी करतो. आवाज मात्र वाढवतो, म्हणून कानात बोळे आणि वर कर्णकवच दोन्ही हवेत. तो लावला किंवा काढला की गोळी वेगळ्या जागी लागू शकते, त्यामुळे नेम पुन्हा जुळवून घ्यावा.' नवा नामशब्द घडवत नाही. काम क्रियापदं सांगतील.

देवळालीहून

वाक्य ठीक आहे. 'बसतो'च्या जागी 'आट्यांवर आवळतात' करा. आणि दर खेपेला बार काढण्याआधी तो ढिला झाला नाही ना, हे रायफल रिकामी करून हातानं पाहायला सांगा.