लांबची वाट संपल्यावर काय उरलं? (अनुभव धागा)

मंडळी, शेकडो किलोमीटरची एखादी वाट ज्यांनी सलग किंवा टप्प्याटप्प्याने पायी पुरी केली आहे, त्यांच्यासाठी हा धागा. सॅक कुठली, तंबू कुठला, हे इथे नको. परतल्यावर तुमच्या वागण्यात काय बदललं आणि त्याची सुरुवात वाटेवर नेमकी कुठे झाली, ते लिहा. जागा आठवून लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला ती दिसेल.

सुरुवात मी करते. मी अ‍ॅपलेशियन ट्रेल चालले. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी साधारण ३,५०० किलोमीटरची वाट. सगळे शेवटच्या शिखराबद्दल विचारतात. मला शिकवलं ते व्हर्जिनियाने. वाटेचा जवळजवळ चौथा भाग या एकाच राज्यात आहे. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, शेवट अजून फार लांब असतो आणि दोन्ही बाजूंना नुसती झाडी. पाय तोवर तयार झालेले असतात, त्यामुळे दुखण्याचंही निमित्त राहत नाही. राहतो तो निव्वळ कंटाळा. बरेचजण तिथेच वाट सोडतात.

वाटेवर एक नियम तोंडोतोंडी चालत आलेला आहे: सोडायचं तर चांगल्या दिवशी सोडायचं. कपडे कोरडे, पोट भरलेलं, झोप झालेली, आणि तरीही नको वाटलं, तर खुशाल घरी जावं. चढावर, पावसात, उपाशीपोटी तो विचार आला तर त्याला ‘उद्या बघू’ म्हणायचं. पुढे आईच्या आजारपणात डॉक्टरांनी दोन पर्याय समोर ठेवले. दोन दिवसांत सांगितलं तरी चालणार होतं. रात्रीचे अकरा वाजले होते, आम्ही भावंडं रडकुंडीला आलो होतो. मी म्हटलं, “आत्ता झोपू, सकाळी खाऊन मग बोलू.” निर्णय अवघडच होता, पण तो आम्ही न भांडता घेतला.

•

ताई, तुमचं व्हर्जिनिया वाचून मला स्पेनमधल्या कॅमिनो या यात्रेच्या वाटेवरचा मेसेटा आठवला. बुर्गोस ते लिऑन हा सपाट, सावली नसलेला पट्टा अनेकजण बसने ओलांडतात. मी निवृत्तीनंतर गेलो होतो, मला घाई नव्हती. सुरुवातीला बरोबर चालणाऱ्यांशी इतकी जवळीक झाली की त्यांचा वेग गाठायला मी धापा टाकत होतो. मेसेटावर एका सकाळी त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ते गेले. वाईट वाटलं. दुपारपर्यंत माझा श्वास आणि पावलं जुळली, आणि संध्याकाळी मुक्कामावर त्यातलेच दोघं भेटले!

माणसांना पुढे जाऊ द्यायला मी तिथे शिकलो. मुलगा परदेशी स्थायिक व्हायचं म्हणाला तेव्हा त्याचा मला फार उपयोग झाला. आणि त्या वाटेवरचे पिवळे बाण! ओ सेब्रेरोच्या एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी १९८०च्या दशकात स्वतः रंग घेऊन ते काढायला सुरुवात केली. चुकण्याची शक्यता असेल तिथे बाण हवा, एवढाच विचार. अनोळखी माणसासाठी यापेक्षा मोठं काम मला माहीत नाही.

•

माझं थोडक्यात. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, त्याला पर्याय नाही. बाकी प्रत्येक वस्तूला आहे. एमा गेटवूड १९५५ मध्ये वयाच्या ६७व्या वर्षी एकट्या अ‍ॅपलेशियन ट्रेल चालल्या, कॅनव्हासचे बूट घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून. ‘लागलं तर असू दे’ म्हणून मी आता काही साठवत नाही.

•

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत, सुमारे ४,२६५ किलोमीटर. वाळवंट पार केलं, सिएरा पर्वतरांगेतला बर्फ पार केला आणि उत्तर कॅलिफोर्नियात वणव्यामुळे वाट बंद. तो तुकडा गाडीने ओलांडावा लागला. रात्रभर तळमळलो, कारण मनात ‘अखंड’ हा शब्द धरून बसलो होतो. सकाळी धुराने डोळे चुरचुरत होते आणि अग्निशमन दलाची माणसं त्याच धुरात आत जात होती. माझा हट्ट किती लहान आहे ते तिथे कळलं. ‘पूर्ण चाललास का?’ असं कोणी विचारलं की मी मधला तुकडा सांगतो, आणि आता तो सांगताना आवाज खाली जात नाही.

•

आम्ही मायलेकींनी पेनाइन वे केला. इंग्लंडमधल्या ईडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडच्या कर्क येथोमपर्यंत, ४३० किलोमीटरच्या आसपास. वेळेचा अंदाज नेस्मिथच्या नियमाने काढायचो: तासाला पाच किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. १८९२चा नियम, अजून उपयोगी पडतो. पण तो धरून चालतो तरण्या, ताज्या पायांचा माणूस. दलदलीच्या पठारावर धुकं उतरलं तेव्हा लेक म्हणाली, “आई, तू पुढे चाल.” सर्वांत हळू चालणारा पुढे असला की कोणी मागे सुटत नाही, आणि हळू चालणाऱ्यालाही धावल्यासारखं होत नाही. आता माझ्या वर्गात गणिताचा नवा धडा मी त्याच मुलांकडे बघून सुरू करते ज्यांना वेळ लागतो. हुशार मुलं कंटाळतील अशी भीती होती. ती समजावून सांगायला लागली.

•

परत येण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. बूट एक माप वाढलेले, भूक राक्षसी, आणि मन कशातच लागेना. महिनोन्‌महिने रोज सकाळी ‘आज काय करायचं’ याचं उत्तर ‘उत्तरेकडे चालायचं’ एवढंच होतं, ते एकदम संपतं. ही उदासी अनेकांना येते, निघण्याआधीच घरच्यांना तिच्याबद्दल सांगून ठेवा. रोज चालत राहा, आणि खूपच जड गेलं तर डॉक्टरांशी बोला.

मला आधार झाला तो वाटेच्याच कामाचा. अ‍ॅपलेशियन ट्रेलची बरीचशी देखभाल स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात. पावसाचं पाणी वाटेवरून वाहिलं की माती जाते, म्हणून उतारावर तिरके दगड बसवून ते बाजूला काढायचं. मी चाललो तेव्हा अशा दगडांवर पाय ठेवून पुढे गेलो होतो, ते कशासाठी आहेत हे न कळता. आता दर वसंतात त्यांच्यामागे साचलेला गाळ उपसायला जातो. यंदा दोन ठिकाणी दगड नव्याने बसवायचे आहेत.