पाठ झिजलेल्या जुन्या वस्तऱ्याला धार कशी लावायची?

कसबापेठी
मंडळी, आजोबांचा वस्तरा हाती आलाय. पात्यावर सोलिंगनचा (जर्मनीतलं पात्यांसाठी प्रसिद्ध गाव) शिक्का आहे, गंज फारसा नाही, पण वर्षानुवर्षं दगडावर घासून पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड कड, पार चपटी झालीय, दोन्ही बाजूंना रुंद चकचकीत पट्टी दिसते आणि ती टोकाकडे जास्त रुंद आहे, मुठीकडे कमी. आमच्या सलूनवाल्या काकांना दाखवला तर ते म्हणाले आता आम्ही ब्लेड बदलायचेच वस्तरे वापरतो, धारेचे दगड कधीच गेले. मला कपाटात ठेवायचा नाहीये, दाढीच करायचीय याने. १०००, ४००० आणि ८००० ग्रिटचे (आकडा मोठा तितका दगड बारीक) पाण्याचे दगड आहेत. पाठीला टेप लावू का तशीच घासू?

व्हर्नियरवाला
आधी माप घ्या, मग टेपचं बघू. वस्तऱ्याला हाताने कोन धरावा लागत नाही, पाठ आणि धार एकदम दगडावर टेकते आणि पाठीच्या जाडीवरच कोन ठरतो. धारेपासून पाठ टेकते तिथपर्यंत १६ मिमी आणि पाठीची जाडी ४.५ मिमी असेल तर कोन साधारण १६ अंश येतो, तीच जाडी झिजून ३.५ झाली की साडेबारा. एवढ्या बारीक कोनाची धार पहिल्या दाढीला मस्त वाटते पण टिकत नाही, कड दुमडते नाहीतर बारीक बारीक तुटते. पण एक लक्षात घ्या, पाठ झिजताना धारही मागे सरकलेली असते, म्हणजे रुंदीपण कमी झालेली असते. त्यामुळे पाठ कितीही चपटी दिसली तरी कोन जागेवर असू शकतो. दिसण्यावर जाऊ नका.

डेक्कनकर
वरच्यांशी सहमत. कोन १५ च्या खाली गेला असेल तर टेप लावाच. साधी इलेक्ट्रिकची पीव्हीसी टेप, एक थर साधारण ०.१५ मिमी, दोन्ही बाजू मिळून ०.३, म्हणजे थरामागे जवळपास एक अंश वाढतो. टेप ताणून न लावता नुसती बसवायची आणि घासली गेली की बदलायची. आणि प्लीज, १००० वर टेप लावून ८००० वर काढू नका!! पाठ खाली बसते, मग बेव्हलचा, म्हणजे धारेलगतच्या घासलेल्या उताराचा, मागचा काठ घासला जातो आणि धार दगडाला लागतच नाही, माणूस तासभर घासत बसतो आणि वस्तरा बोथट तो बोथटच.

जुनाबाजार_रविवार
कोन ठीक आहे हो, पण मला टोकाकडच्या झिजेची जास्त काळजी वाटते. पातं काचेवर ठेवून डुगडुगतं का बघा. मग धारेवर काळ्या मार्करची रेघ ओढा, १००० वर अगदी हलक्या हाताने दोन-चार हात फिरवा आणि सोनाराच्या भिंगाखाली शाई कुठे उरलीय ते बघा. मुठीकडे उरली तर हात फिरवताना सुरुवातीला दाब किंचित मुठीकडे, टोकाकडे जाताना सोडत जायचा, आणि पातं दगडावरून तिरकं खाली ओढायचं. पाठ दोन्हीकडे सारखी करायच्या नादात ती घासू नका, चांगलं पोलाद उगाच जाईल. ग्राइंडरवाल्याकडे तर अजिबात नको, पातळ पातं क्षणात तापून निळं पडतं आणि तिथला कडकपणा गेला की गेलाच.

१००० चा दगड मधे खोलगट झालाय का तेही तपासा. जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून सपाट करता येतो, कागद पुण्यात बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळेल.

कसबापेठी
मापलं! टोकाकडे जाडी ३.९, रुंदी १५. मुठीकडे ४.३ आणि १५.५. म्हणजे पंधरा ते सोळा अंश, बरोबर ना? काचेवर डुगडुगत नाही. मार्करची शाई मुठीकडच्या बोटभर भागात उरली.

व्हर्नियरवाला
बरोबर. मग एकच थर टेप, तोही मुख्यतः उरलेली पाठ वाचवायला. १००० वर शाई पूर्ण धारेवरून एकसारखी जाईपर्यंत आणि हातावरचे केस सगळ्या लांबीवर कापले जाईपर्यंत ४००० ला हात लावू नका, बेव्हल नीट बसलं नसेल तर पुढचे दगड काहीच करत नाहीत. ८००० नंतर चामड्याचा पट्टा, तिथे पाठ पुढे आणि धार मागे. आणि पट्ट्यावर घेण्याआधी टेप काढून पाठीचा चिकटपणा रॉकेल नाहीतर स्पिरिटने पुसून घ्या.

जुनाबाजार_रविवार
आणि दाढी झाल्यावर पातं कोरडं करून थेंबभर तेल. आपल्याकडच्या पावसाळ्यात कार्बन स्टीलवर एका रात्रीत ठिपके येतात.