नवीन राउटर लावल्यापासून ठरावीक संकेतस्थळेच उघडत नाहीत: वॅन सेटिंगमध्ये काय तपासावे?

वारणाकाठ
आमच्याकडे स्थानिक केबलचालकाचे फायबर कनेक्शन आहे. त्यांचे ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडले जाते ते उपकरण) आता ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः लॉगिन न करता जोडणी नुसती पुढे देणारे असून, युजरनेम व पासवर्ड मी नव्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर पीपीपीओई हा युजरनेम-पासवर्डने जोडण्याचा प्रकार निवडून भरले आहेत. कनेक्शन लगेच जोडले जाते, आयपी पत्ता मिळतो, गूगल व यूट्यूब व्यवस्थित चालतात. मात्र बँकेचे संकेतस्थळ आणि मुलीच्या महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जाचे पान नुसते फिरत राहते व अखेर वेळ संपल्याचा संदेश येतो. मोबाइल डेटावर हीच पाने उघडतात. एमटीयूच्या (एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या) चौकटीत १५०० दिसते, त्याचा याच्याशी संबंध असेल का? अर्जाची मुदत जवळ आली असल्याने नेमके मार्गदर्शन हवे आहे.

जुना_जोडारी
प्रथम डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) बदलून पाहावे. राउटरमध्ये पहिला पत्ता १.१.१.१ आणि दुसरा ८.८.८.८ भरा, सेव्ह करा आणि राउटर बंद करून पुन्हा सुरू करा.

तारायंत्र
डीएनएस बदलण्याने नुकसान नाही, परंतु येथील लक्षणे त्या दोषाची वाटत नाहीत. नाव सापडले नाही तर ब्राउझर सहसा तसे स्पष्ट सांगतो. येथे संपर्क सुरू होतो आणि मध्येच अडतो. व्हीलॅनचा (केबलचालकाच्या जाळ्यातील आभासी विभागाचा) क्रमांक चुकला असता, तर पीपीपीओई जोडलेच गेले नसते.

माझा संशय तुम्ही म्हणता त्या १५०० वरच आहे. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये साधारणतः १५०० बाइटांचा मजकूर मावतो, आणि पीपीपीओई त्यातील ८ बाइट स्वतःच्या शीर्षकासाठी घेते. म्हणून आयपी पॅकेटला १४९२ उरतात. राउटर १५०० धरून बसला, की समोरचा सर्व्हरही पूर्ण मापाची पॅकेटे पाठवतो आणि ती केबलचालकाच्या यंत्रणेत अडतात. अशा वेळी ‘पॅकेट लहान करा’ असा आयसीएमपी (जाळ्यातील अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) संदेश सर्व्हरला परत जायला हवा, पण अनेक ठिकाणी फायरवॉलमध्ये आयसीएमपी सरसकट बंद केलेले असते, जे माझ्या मते चुकीचे आहे. सर्व्हरला काहीच कळत नाही. तो तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो. सुरुवातीची लहान पॅकेटे पोहोचतात, संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राचे मोठे पॅकेट पोहोचत नाही, आणि पान फिरत राहते. गूगल व यूट्यूब क्रोमवर बहुतेक वेळा क्विक प्रोटोकॉलने चालतात, ज्यात पॅकेटे मुळातच लहान असतात. त्यामुळे त्यांना ही अडचण जाणवत नाही.

खात्री करण्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगपुढे ‘तुकडे करू नका’ ही -एफ (-f) खूण आणि आकाराची -एल (-l) खूण देऊन १.१.१.१ ला आधी १४७२ व मग १४६४ बाइट पाठवा. शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की हे आकडे १५०० आणि १४९२ होतात. पहिल्याला उत्तर येत नसेल व दुसऱ्याला येत असेल, तर एमटीयू १४९२ करा.

वारणाकाठ
आपण म्हणता तसेच घडले: १४७२ ला नुसतीच वेळ संपली, १४६४ ला उत्तर आले. एमटीयू १४९२ करून राउटर पुन्हा सुरू केल्यावर बँकेचे पान उघडले आणि प्रवेशअर्जही भरला गेला. मनापासून आभार. मात्र कार्यालयाचे व्हीपीएन (कार्यालयाच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी) जोडले, की आतील काही पाने अजूनही अडतात. राउटरमध्ये सरळ १४०० करावे का?

तारायंत्र
राउटरचा आकडा १४९२ च राहू द्यावा. व्हीपीएन स्वतःचे शीर्षक वर चढवते, तेव्हा बदल त्याच्याच सेटिंगमध्ये व्हायला हवा. कार्यालयातील आयटी विभागाला पिंगचे निकाल कळवून व्हीपीएनचा एमटीयू कमी करून मागा. तुमच्या राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटमधील शीर्षकाव्यतिरिक्त मजकुराची कमाल मर्यादा आपोआप घटवणारा) असा पर्याय असेल, तर तो चालू आहे ना, तेही पाहा. १४९२ साठी एमएसएस १४५२ येतो.

जुना_जोडारी
एक सूचना जोडतो. राउटर रीसेट झाला तर हा आकडा पुन्हा १५०० होऊ शकतो, म्हणून आत्ताच्या सेटिंगची बॅकअप फाइल संगणकावर उतरवून ठेवा, आणि पीपीपीओईचे युजरनेम व पासवर्ड कागदावर लिहून ओएनटीजवळ नव्हे, तर कपाटात ठेवा.