मदत हवी आहे: भाऊ क्रिकेट बेटिंगच्या उधारीत अडकलाय, बँक खातंही देऊन बसलाय

नमस्कार मंडळी,
आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे, बी.कॉम. झालाय, पहिलीच नोकरी. आईबाबांना अजून काहीच माहीत नाही.

सुरुवात फँटसी टीम लावण्यापासून झाली. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ते पैशांचे खेळ बंद झाले. मग ओळखीतल्याच एका एजंटने त्याला व्हॉट्सॲपवर 'आयडी', म्हणजे बेटिंग साइटचं लॉगिन, काढून दिला. त्यात आधी पैसे भरावे लागत नाहीत, सगळं उधारीवर, हिशोब आठवड्याने. मॅच कोण जिंकणार एवढ्यावरच पैसे लागतात असंही नाही. सहा ओव्हरमध्ये किती रन, पुढची विकेट कधी, एकेका मॅचमध्ये कितीदा तरी. खिशातून नोट जात नाही म्हणून हरल्याचं त्या रात्री जाणवतच नाही. पोरं यातच बुडतात, आणि हे उधारीचं कोणी बोलत नाही.

आता तोच एजंट भावाच्या ऑफिसखाली येऊन उभा राहतो. पैसे नव्हते तेव्हा त्याने भावाचं बँक खातं 'वापरायला' मागितलं. भावाने एटीएम कार्ड आणि सिम दोन्ही देऊन टाकलं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच आहे. अशा खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरवतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. भाऊ म्हणतो, "ताई, तू आधी पैसे दे, मग मी खातं सोडवतो." मला हे पटत नाही.

करार कायदा 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत, एवढं मी वाचलंय. नव्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण राज्याचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदाही आहेच. मग वकील सोबत न घेता पोलीस ठाण्यात जावं का? आणि त्याने लोन ॲपवरून घेतलेलं कर्ज आहे ते वेगळंच, ते कसं मिटवायचं?

दुसरं, समुपदेशनाचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे का" म्हणतो. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, हे त्याला कसं पटवू? केईएम किंवा सायनच्या मानसोपचार ओपीडीत कोणी घरच्या मुलाला नेलंय का? तो पहिल्यांदा यायला तयार कसा झाला, तेवढं तरी सांगा.

प्रतिसाद:
ताई, पैसे अजिबात देऊ नका, एकदा दिले की मागणं वाढतं. आधी कार्ड आणि सिम ब्लॉक करा. मग भावाला घेऊन शाखेत जा, लेखी अर्ज द्या, पोचपावतीवर शिक्का घ्या. चॅट डिलीट करू देऊ नका, पुरावा तोच आहे. पोलिसांकडे जाण्याआधी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 वर बोला. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, मराठीत बोलतात, पहिला फोन तुम्हीच करा. तो नंतर येईल.

धागाकर्ती:
आभारी आहे दादा. कार्ड आत्ताच ब्लॉक करायला लावते, सकाळी शाखेत जातो. बाबांना बीपी आहे, त्यांना शाखेत जाण्याआधी सांगू की नंतर?