शेजारच्या सिगारेटचा धूर परसात येऊ नये म्हणून काय काय केलंत?

परसदार
वाळत घातलेली चादर काढताना तो ओळखीचा वास आला आणि जुनं दुखणं वर आलं. भांडणाचे किस्से नकोत, उपाय लिहा. सुरुवात माझ्याकडून. कुंपणाला हात लावण्याआधी वारा बघा. जुन्या कॅसेटच्या टेपचे वीतभर तुकडे दोन काठ्यांना बांधा. एक काठी कुंपणाशी रोवा, दुसरी बसायच्या जागी. आठवडाभर, शेजारी ओढतात नेमक्या त्याच वेळी बघा. पुष्कळदा दोन्ही टेपा उलट दिशांना उडतात, कारण घराच्या भिंतीवर आपटून वारा मागे वळतो. अशा वेळी खर्चात पडण्याआधी खुर्च्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवून बघा.

सुतारपक्षी
लाकडी कुंपण असेल तर आधी फटी. फळ्या वाळल्या की आक्रसतात. मागून 40-50 मिमी रुंदीची पट्टी लावा, पण स्क्रू एकाच फळीत मारा. दोन्ही फळ्यांत मारलेत तर पावसात लाकूड फुगतं, हलायला जागा नसते, चिरतं. जमिनीलगतची फट सगळे विसरतात. वारा पडलेल्या गार संध्याकाळी धूर वर न जाता खालीच रेंगाळतो.

निवांत
1.8 मीटर उंची पुरेल?

सुतारपक्षी
बसलेल्या माणसाला बऱ्यापैकी. पण भरीव कुंपण म्हणजे शीडच, वाऱ्याचा सगळा जोर खांबांवर येतो. खांब निदान 60 सेमी खाली, काँक्रीटमध्ये. आणि कुंपणाला चिकटून बसू नका. वारा वरून उडी मारतो, आतल्या बाजूला भोवरा होतो आणि धूर तिथेच घुटमळतो. उंचीचे नियम आधी तपासा हो, नाहीतर उभं केलेलं उतरवावं लागेल.

मोगरावेडी
दाट झुडपं लावली तर?

धूळखात
ताई, लावा, पण धुरासाठी नको. त्या धुराचे बहुतेक कण 1 मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) बारीक असतात, वाऱ्याबरोबर पानांमधून सरळ निघून येतात. वाऱ्याचा जोर तेवढा मोडतो. पाण्याच्या तुषारांचंही तेच, थेंब कणांच्या मानाने फारच मोठे, कण बाजूने निसटतात. अंगणात एअर प्युरिफायर ठेवणं म्हणजे समुद्र चमच्याने उपसणं.

मोगरावेडी
झुडपांमुळे ते दिसत नाहीत, तेवढा राग तरी कमी 😄

पंखेवाला
मोकळ्यावर खरा उपयोग पंख्याचा, पण बहुतेक जण उलटा लावतात. कुंपणाशी ठेवून तोंड आपल्याकडे केलंत तर तो मागून पलीकडचाच धूर ओढून तुमच्या तोंडावर मारणार. पंखा तुमच्या मागे, स्वच्छ हवेच्या बाजूला हवा. तोंड कुंपणाकडे, छातीच्या उंचीवर, मान इकडेतिकडे फिरणं बंद. फिरता ठेवला की मधल्या वेळात धूर परत शिरतो. मंद वाऱ्यात चालतं. वारा जोराचा असेल तर बंद करा, वीज फुकट. पंखा आयपी44 दर्जाचा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा, आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. घरातला पंखा ओल्यात नेऊ नका.

गॅसजवळ
कुकर उतरवून आले, घाईत लिहिते. घरात धूर येतो तो आपणच ओढतो. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू आणि मागचं दार उघडं, की आत येणारी हवा परसातून. मागचं दार बंद, पुढची खिडकी चार बोटं उघडी, मग एक्झॉस्ट. दाराखाली ब्रशची पट्टी. एवढ्यानेच खूप फरक.

निवांत
आणि अगरबत्ती?

धूळखात
धुरावर धूर! वास झाकला जातो, कण वाढतात. घरात हेपा फिल्टर चालेल, पण तो कण पकडतो. वासासाठी जाड ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वास शोषणारा खास कोळसा, लागतो. कागदासारखी काळी जाळी नावापुरती. ओझोन सोडणारं यंत्र घेऊच नका.

मधलीसुट्टी
शेजाऱ्यांशी बोलताना "बंद करा" म्हणू नका, खुर्ची सरकवायला सांगा. 2007 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोकळ्या हवेत मोजलं, तेव्हा 2 मीटरपलीकडे धूर झपाट्याने विरळ झाला होता. जास्त लोक ओढत असतील किंवा वारा तुमच्याकडे असेल तर याहून लांब. शिवाय नुसती धुमसत राहिलेली सिगारेट सर्वात वाईट. झाकणाचा डबा, आत 5-6 सेमी कोरडी वाळू, थोटूक उभं खुपसायचं, लगेच विझतं. असा डबा स्वतःच नेऊन द्या, बोलणं सोपं होतं.

गॅसजवळ
डबा देणार. पण पहिल्या काठीसाठी कॅसेट आता कुठून आणू? लोकर चालेल?

परसदार
लोकर जड, झुळकीला हलत नाही. पातळ प्लास्टिक पिशवीची बोटभर पट्टी कापा.

मोगरावेडी
माझ्याकडे आहे एक कॅसेट. ए साइड कापू की बी?

पंखेवाला
ए. बी साइडला वारा उलटा वाहतो.